रेघेची बाजू

छातीवरच्या रबरी वाट्या एकेक करून काढता काढता त्या ईसीजीवाल्या बाईने मशीनमधून आलेली कागदाची पट्टी फाडली आणि अगदी सहज विचारलं, "आधीचा अटॅक कधी येऊन गेला?" याआधी कुठल्या घरात राहत होता, असं विचारावं तसं. तपासायला आलेली ती अजून आडवीच होती. छातीवर गार मलमाचे ठसे होते, आणि छताच्या कोपऱ्यात ओल येऊन रंगाचे पोपडे सुटले होते, त्यांच्याकडे ती पाहत होती. "मला अटॅक आलेला नाही," ती म्हणाली. दुकानदारांशी बोलायच्या आवाजात म्हणाली, म्हणजे पुढे वाद नको अशा आवाजात. बाईने एकदा पट्टीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि कापसाचा बोळा तिच्या हातात दिला. "बरं. डॉक्टर सांगतील," ती म्हणाली. पुसून झाल्यावरही मलमाचा चिकटपणा कपड्यांच्या आत राहिला, आणि तो दिवसभर गेला नाही.

खरं तर आली होती ती डोळ्यासाठी. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, ऑपरेशनच्या आधी हृदय तपासल्याचा कागद हवा होता, एवढंच. हृदयाबद्दल तिला काही शंका नव्हती. शंका घेणं हे तिचं पोटापाण्याचं काम होतं, आणि ती घ्यायची कुठे हे तिला चांगलं कळतं अशी तिची समजूत होती. एकोणतीस वर्षं ती वजनमापं तपासत होती. किराणा, मासळी, भंगार, सोनं, सगळ्यांचे तराजू तिच्या हाताखालून गेले होते. बाजारात तिला काटेबाई म्हणत, तोंडावर नव्हे, पण तिला ठाऊक होतं आणि आवडतही होतं. दुकानात शिरली की ती आधी तराजूकडे बघायचीच नाही. लोखंडी वजन उचलायची आणि पालथं करायची. वजनाच्या बुडाला एक भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं, शिशावर सरकारी शिक्का असतो. लबाड माणूस शिसं उकरून काढतो आणि जागी मेण भरतो. वरून वजन जसंच्या तसं, आकडा ठळक, रंग ताजा. नव्या लोकांना शिकवताना ती एवढंच सांगायची, आधी पालथं करा, मग बोला.

साखरेचंही तिने तसंच केलं होतं. चौदा वर्षांपूर्वी डायबेटिस निघाला तेव्हा पहिली तीन-चार वर्षं तिने तो हसण्यावारी नेला. मग एकदा पायाची जखम दोन महिने बरी होईना तेव्हा घाबरली, आणि घाबरली की ती नेहमी करते तेच तिने केलं, वही सुरू केली. सकाळची साखर, जेवणानंतरची साखर, दर तीन महिन्यांनी सरासरीची साखर. बोटाला टोचायच्या यंत्राचा आकडा प्रयोगशाळेच्या आकड्याशी वर्षातून दोनदा ताडून पाहायची, कारण न तपासलेल्या यंत्रावर विश्वास ठेवणं तिच्या रक्तातच नव्हतं. अशा सात वह्या झाल्या होत्या. साखरेच्या दवाखान्यात तिची वही इतर पेशंटना दाखवत. वर्षातून एकदा तिथले डॉक्टर बाकीच्या तपासण्यांचाही कागद द्यायचे, कोलेस्टेरॉल, लघवी, हृदय, आणि ती तो कागद पर्समध्ये घडी घालून ठेवायची. पुढच्या वेळी करू. त्या आकड्यांना वहीत रकाना नव्हता.

आज हृदयाच्या डॉक्टरांनी रक्ताचाही रिपोर्ट समोर ठेवला होता. वयाने ते तिच्या मुलाएवढे होते, मुलगा असता तर. ते हळू बोलत होते, आणि त्या हळू बोलण्याचाच तिला राग येत होता. हृदयाच्या खालच्या भागाचा एक तुकडा निकामी झालेला दिसतो, म्हणाले. जुनं आहे, वर्ष-दोन वर्षांपूर्वीचं असावं. दुखलं कसं नाही, असं तिने विचारलं, तेव्हा म्हणाले, "डायबेटिसमध्ये नसा बोथट होतात. पायाला खडा टोचलेला कळत नाही ना, तसंच हृदयाचंही होतं. कोणाकोणाला नुसता घाम येतो, थकवा येतो, बस." मग त्यांनी पेनाच्या टोकाने रिपोर्टमधल्या एका आकड्याखाली रेघ मारली. "साखर छान आहे. ब्लडप्रेशर छान आहे. हे मात्र फार वाढलंय. साखर सांभाळली म्हणजे हृदय सांभाळलं असं होत नाही हो, ही तिन्ही बरोबर सांभाळावी लागतात. कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली होती का?"

"एकही दिवस चुकलेली नाही. तीन वर्षं. साडेतीन वर्षं."

"आठवड्यातून दोन-तीनदा वगैरे?"

"रोज. रात्रीच्या जेवणानंतर. माझे मिस्टर स्वतः काढून देतात."

"बरं," डॉक्टर म्हणाले.

ते 'बरं' ती घेऊन बाहेर पडली. ते तिचंच होतं. दुकानदार गळ्याची शपथ घेऊन सांगायचे, बाई, कालच तपासून आणलंय वजन, आणि ती म्हणायची, बरं, आणि वही उघडायची. त्या 'बरं'मध्ये काय काय असतं हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिला खोटं धरलं होतं, आणि तेही सभ्यपणे. निकामी झालेल्या तुकड्यापेक्षा तिला तेच जास्त लागलं, आणि हे कळल्यावर स्वतःचीच लाज वाटली. रस्त्यावर ऊन होतं, बसथांब्यावर कोणी तरी संत्रं सोलत होतं, आणि ती छातीच्या खालच्या बाजूला हात ठेवून उभी होती. आत एक जागा मेलेली आहे. दीड-दोन वर्षं मेलेली आहे आणि ती त्या जागेसकट जिने चढते, भांडते, झोपते. घरात कोणी जावं आणि आपल्याला कोणी सांगूच नये, असं ते होतं.

बस आली, खिडकीची जागा मिळाली, आणि ती तो दिवस शोधू लागली. असा दिवस असलाच पाहिजे. एवढी मोठी गोष्ट खूण ठेवल्याशिवाय कशी जाईल? आजारपणं आठवली, सर्दी-ताप, दाढ, एकदा जिन्यात पाय मुरगळला होता. आणि मग घाम म्हणताच तो धान्याचा व्यापारी आठवला. ठेंगणा, जाड भिंगांचा चष्मा, बोलताना जिभेने ओठ ओले करायची सवय. त्याच्या दुकानात पाच किलोचं वजन तिने पालथं केलं होतं आणि शिशाच्या जागी मेण निघालं होतं. तो काकुळतीला येईल म्हणून ती वाट बघत होती, आणि तेवढ्यात तिलाच दरदरून घाम फुटला. हातातलं वजन एकाएकी फार जड झालं. जबड्यात काहीतरी ओढल्यासारखं वाटलं, दाढ दुखायची तसं. ती तांदळाच्या पोत्यावर बसली. त्या माणसाने पंखा तिच्याकडे वळवला, पाणी दिलं, आणि समोर उकिडवा बसून म्हणाला, "बाई, तुमचा चेहरा पार उतरलाय. वजनाचं काय ते उद्या करा, मी कुठे पळून जात नाही. आधी डॉक्टरला गाठा." तिला हसू आलं होतं. उद्यापर्यंत मेणाचं शिसं करायला तुला वेळ हवाय, असं ती त्याला तोंडावर म्हणालीही होती. मग पर्समधून यंत्र काढून बोट टोचलं होतं. एकशे अठरा. एकशे अठरा म्हणजे सोन्यासारखा आकडा. ती उठली, वजन जप्त केलं, पिशवीला लाख लावली, त्याची सही घेतली. त्या दिवशी तिच्याशी खरं बोललेला एकच माणूस होता आणि त्याचं वजन खोटं होतं.

घरी मास्तर दुपारच्या उन्हात खिडकीपाशी पेन्सिलींना टोक काढत बसले होते. शाळेत त्यांनी चौतीस वर्षं चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावरही पेन्सिली झिजवायचं काही थांबलं नव्हतं. ती त्यांना मास्तरच म्हणायची, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात चेष्टेने म्हणू लागली आणि तेच राहिलं. "काय म्हणाले?" त्यांनी विचारलं. "ऑपरेशन लांबणीवर," ती म्हणाली. "आणि?" "आणि काही नाही. तपासण्या आणखी." मास्तरांनी पेन्सिलीवरून नजर काढली नाही. चाकूच्या पात्याखालून लाकडाची पातळ गुंडाळी निघत होती, ती तुटली, तरी ते तिथेच पातं फिरवत राहिले. शिशाचं टोक मोडून खाली पडलं. हे तिने पाहिलं. माणूस कधी घाबरतो ते बघायची तिला सवय होती, फक्त घरी तिने ती सवय कधी वापरली नव्हती. घरी ती कपाट उघडायची नाही, पाकीट बघायची नाही, फोन कोणाचा म्हणून विचारायची नाही. दिवसभर संशय घेऊन दमलेल्या माणसाला एक जागा लागते, जिथे काही पालथं करावं लागत नाही. ती जागा हा माणूस होता. त्या जागेला हात लावावा का, याचा विचार करत ती संध्याकाळपर्यंत खोलीत पडून राहिली. डॉक्टर चुकले असतील. औषधाची कंपनी लबाड असेल. गोळी लागू पडत नसेल, काहींना नाही पडत. ती एकेक शक्यता उचलून बघत होती, आणि प्रत्येक वेळी तिला ती जुनी चिनी मातीची बशी दिसत होती.

गोळ्यांचं सगळं मास्तरांकडे होतं. रविवारी सात कप्प्यांच्या डबीत आठवड्याच्या गोळ्या भरायच्या, आणि रोज जेवण झालं की त्या दिवसाच्या तीन गोळ्या बशीत काढून तिच्यापुढे ठेवायच्या. तिन्ही एका ओळीत, तिन्ही रेघेची बाजू, म्हणजे गोळी मोडायची खाच असते ती, वर करून. साखरेची मोठी, ब्लडप्रेशरची गुलाबी, कोलेस्टेरॉलची पांढरी. चित्रकला शिकवलेला माणूस, बशीतसुद्धा मांडणी करणारच, असं म्हणून ती हसायची.

त्या संध्याकाळीही जेवण झालं, आणि बशी आली. तीन गोळ्या, तीन रेघा. तिने पर्समधून भिंग काढलं, ज्याने ती शिशावरचे शिक्के वाचायची. मास्तर पाण्याचा जग टेबलावर ठेवत होते. तिने पांढरी गोळी बोटाच्या टोकाने पालथी केली. मागची बाजू कोरी होती. साडेतीन वर्षांपूर्वी दुकानातून आणलेल्या पहिल्या पाकिटातली गोळी तिला आठवत होती, तिच्या मागे एक आकडा कोरलेला होता; आकडे ती विसरत नसे.

"ही कसली गोळी आहे?"

मास्तर खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. नाकारतील असं तिला वाटलं, किंबहुना तिला ते हवं होतं. नाकारलं असतं तर काय करायचं ते तिला माहीत होतं.

"कॅल्शियमची," ते म्हणाले. "लहान मुलांची असते ती. अपाय काही नाही तिच्यात."

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली."

मग ते बसले आणि आपणहून बोलू लागले, खालच्या आवाजात, टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत. "तुला आठवतं, ती गोळी सुरू केली आणि तुझी तीन महिन्यांची साखर सहा पॉइंट पाचची सात झाली. तू दोन दिवस जेवली नाहीस. वही फाडायला निघाली होतीस. मी पाकिटातला कागद वाचला, बारीक अक्षरातला. त्यात लिहिलं होतं, या गोळीने साखर थोडी वाढू शकते. मला वाटलं, एक महिना बंद करून बघू. तू विचारशील म्हणून तशीच दुसरी शोधली. पांढऱ्यात पण फार प्रकार असतात, तीन दुकानं फिरलो. पुढच्या रिपोर्टला सहा पॉइंट चार आली. किती खूश झालीस तू. तुला आठवतं?"

आठवत होतं. त्या दिवशी तिने आपणहून बाहेर जेवायला जाऊ म्हटलं होतं. तो आकडा वहीत लाल पेनाने लिहिला होता आणि भोवती चौकट काढली होती. तिला वाटलं होतं आपण केलं, चालून, उपाशी राहून, जिद्दीने. समोर बसून हा माणूस तिच्याकडे प्रेमाने बघत होता आणि त्याला ठाऊक होतं. तीन वर्षांतला प्रत्येक शाबासकीचा आकडा असाच होता, थोडं शिसं उकरून काढलेला.

"डॉक्टरांना विचारायचं तरी," ती म्हणाली.

"विचारलं असतं तर त्यांनी पुन्हा सुरू करायला लावली असती."

"हो. कारण थोडी साखर वाढली तर चालते, पण ती गोळी थांबलेली चालत नाही. हे आज कळलं मला. आतला एक तुकडा गेल्यावर." आणि मग तिने डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं, जसंच्या तसं, पंचनामा वाचून दाखवतात त्या आवाजात. मास्तरांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले, पालथे.

"तो धान्यवाला," ते म्हणाले. "तो दिवस ना?"

तिने मान हलवली.

"तू घरी आलीस आणि सांगितलंस. घाम आला, पोत्यावर बसले, तो लबाड मला डॉक्टरकडे पाठवत होता. हसत होतीस. मी त्याच वेळी सांगणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं."

"मग?"

"मग तू म्हणालीस, एकशे अठरा. वही उघडून दाखवलीस मला."

इथे ती रडली. इतका वेळ वाटत होतं की गोळीसाठी रडू येईल, मेलेल्या तुकड्यासाठी येईल. पण आलं त्या एकशे अठराच्या संध्याकाळसाठी. गोळी बदलली तेव्हा या माणसाला काही कळत नव्हतं, तेवढं तिला गिळता आलं असतं. त्या संध्याकाळी मात्र त्याला कळलं होतं. त्याने तिचा उतरलेला चेहरा पाहिला होता, आणि तिच्या आनंदाकडे बघून तो गप्प बसला होता. त्यानंतरही पाचशे-साडेपाचशे वेळा त्याने बशी पुढे ठेवली होती, रेघ वर करून. आणि तिला हेही कळत होतं, आणि ते सगळ्यात वाईट होतं, की त्या संध्याकाळी दुसरं काही ऐकून घ्यायला ती तरी कुठे तयार होती. फुटकं नशीब म्हणावं तर तेही खरं नव्हतं. तिने घरात एकाच आकड्याचा धाक बसवला होता आणि मास्तर तिच्या आकड्याला भीत होते, दुकानदार भ्यायचे तसेच, आणि त्यांनी दुकानदारांनी केलं तेच केलं. पण हे कळून राग कमी होत नव्हता.

मास्तर उठले आणि आतून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात खऱ्या गोळ्यांची पाकिटं होती, एकही न फोडलेली, तीन वर्षांची, रबरबँड लावून महिनावार. दर महिन्याला मास्तर ती आणत होते. "टाकवल्या नाहीत," ते म्हणाले. "वाटायचं, कधीतरी पुन्हा सुरू करू. तुझ्या नकळत बंद केली तशी नकळत सुरू करू." तिने डबा उचलून पाहिला. सव्वा किलो असेल, असा अंदाज तिच्या हाताने आपोआप केला, आणि त्या हाताचा तिला संताप आला.

दुसऱ्या दिवसापासून डबी तिने आपल्याकडे घेतली. डॉक्टरांनी नव्या गोळ्या लिहून दिल्या, जास्त ताकदीच्या, शिवाय रक्त पातळ करायची एक. सगळं खरं सांगितल्यावर डॉक्टरांनी पट्टी पुन्हा एकदा पाहिली. मग एवढंच म्हणाले की अजून उशीर झालेला नाही, उरलेलं हृदय सांभाळता येईल, आणि तिला त्यांचा आता राग आला नाही. वहीत तिने आणखी दोन रकाने आखले. दोन महिन्यांनी साखर सहा पॉइंट नऊ झाली. ती तिने निळ्या पेनाने लिहिली, आणि मास्तरांना वही दाखवली नाही. त्यांनीही मागितली नाही. घरात बोलणं होतं, भाजी काय आणू, नळाला पाणी आलं का, एवढंच. एकदा ते दारात उभे राहून म्हणाले, "बशी तरी मी ठेवत जाऊ का?" त्यांचा चेहरा असा होता की तिने हो म्हटलं. तिने डबीतून काढून दिलेल्या गोळ्या ते बशीत मांडतात आणि बशी आणून ठेवतात.

मोतीबिंदूचं ऑपरेशन नंतर झालं. आता तिला बरंच दिसतं, पण भिंग तिने टेबलाच्या खणात हाताशीच ठेवलं आहे. रोज जेवण झालं की मास्तर बशी तिच्यापुढे ठेवतात. चार गोळ्या, एका ओळीत. "पाणी आणतो," असं म्हणतात आणि स्वयंपाकघरात जातात. पाण्याचा जग टेबलावर भरलेला असतो, ग्लासही असतो, हे दोघांनाही माहीत असतं. ती भिंग काढते. गोळ्या स्वतः डबीतून काढलेल्या असतात, तरी एकेक पालथी करते, आकडा वाचते, आणि जगमधलं पाणी ओतून घेऊन गिळते. मग बशी जराशी टेबलावर वाजवते. तो आवाज झाल्याशिवाय मास्तर बाहेर येत नाहीत. येतात तेव्हा त्यांच्या हातात भरलेला ग्लास असतो. ते तो तिच्यासमोर ठेवतात, आणि सकाळी तो तसाच भरलेला असतो.